बिननंबराचा रॉड

लग्नाच्या पंगतीत बसलं की माणसं आधी पानात काय वाढलंय ते बघतात. गंगाधर उस्ताद आधी ताट बघत. खिशातून सुपारीएवढं लोहचुंबक काढायचे, ताटाच्या काठाला लावायचे आणि चिकटलं की शेजारच्याला नीट ऐकू जाईल अशा बेतानं सांगायचे, "हलकं स्टील हाय. भांडेवाल्यानं गंडवलं यजमानाला." नायगावला त्यांच्या चुलतभावाच्या लग्नात त्यांनी मुलीकडच्यांनी मांडलेल्या रुखवतावरून असंच चुंबक फिरवलं आणि व्याही जेवणावरून उठले. त्यांची समजूत काढता काढता अर्ध्या गावाची संध्याकाळ गेली. उस्तादांना मात्र आपलं काय चुकलं ते शेवटपर्यंत समजलं नाही. मी काय खोटं बोललो का, एवढंच ते ज्याला त्याला विचारत राहिले.

हा किस्सा मी कितीतरी वेळा रंगवून सांगितलाय. लोक हसतात, मीही हसतो. पुढचं सांगत नाही. धातू ओळखणं हा त्या माणसाचा एकुलता एक अभिमान होता आणि त्याच अभिमानानं त्यांना मातीत घातलं. त्यात माझा हात होता. लिहायला इतकी वर्षं लागली ती त्यामुळे.

मी मूळचा मुरुडचा. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो, नोकरी मिळेना, म्हणून लातूरच्या एमआयडीसीत एका शेठच्या वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्शनला लागलो. इन्स्पेक्शन हे नाव मोठं. काम म्हणजे मायक्रोमीटर घेऊन फिरायचं, कामगारांचे टोमणे खायचे आणि हैदराबादच्या कंपनीला इंग्रजीत पत्रं लिहायची. चार लेथ, एक रॉड कापायची मशीन आणि वर तापलेला पत्रा, एवढाच सगळा पसारा. त्यातल्या कोपऱ्यातल्या लेथवर गंगाधर पांचाळ. शेठपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना उस्तादच म्हणत. ते नांदेडला एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये शिकले होते, एका हैदराबादी म्हाताऱ्याच्या हाताखाली, आणि तो म्हातारा वारल्यावर त्याचं बिरूद आपोआप यांच्याकडे आलं होतं.

हैदराबादहून आमच्याकडे निकेल-क्रोमियमचे गोल रॉड यायचे, मनगटाएवढे जाड. दिसायला साध्या स्टेनलेस स्टीलसारखे. उचलून बघितलं तरी फरक कळायचा नाही. पण साधं लोखंड लाल तापलं की लेचंपेचं होतं, आणि हा माल त्या आचेतही ताकद सोडत नाही, गंजत नाही, वर्षानुवर्षं ताण सोसतो. म्हणून वीजकेंद्रातल्या टर्बाइनचे बोल्ट याचे करतात, तेलाच्या कारखान्यातल्या व्हॉल्व्हच्या दांड्या याच्या करतात. आम्ही ते कातून द्यायचो. मग हैदराबादला ते भट्टीत घालून तासन् तास ठराविक आचेवर ठेवायचे, हळूहळू निववायचे, आणि तेव्हा कुठे त्यांची खरी ताकद चढायची.

हा माल कातणं म्हणजे सत्त्वपरीक्षा. लोखंड कापताना उष्णता किसाबरोबर निघून जाते, इथे ती हत्याराच्या टोकाशीच साचते आणि टोक जळतं. आणि कापता कापता हत्यार जरा थांबलं, नुसतं घासत राहिलं, की तेवढ्या जागेचं कातडं टणक होतं. पुन्हा तिथे हत्यार लागतच नाही. उस्ताद म्हणायचे, "लोखंड भोळं असतंय. हे भोळं न्हाई. ह्याच्याम्होरं इचार करत बसलं की ह्ये आपल्यालाच दात दाखवतंय." त्यामुळे त्यांचा लेथ चालू असताना शेठ आले, शेठचे साडू आले, इन्कम टॅक्सवाले आले, तरी उस्ताद मान वळवत नसत. हनुवटी छातीला लावून, डोळे अर्धे मिटून ते आवाज ऐकायचे. काप पूर्ण झाल्यावर हात पुसायचे आणि मगच समोरच्याला नमस्कार. तोवर समोरचा बहुधा चिडून गेलेला असायचा.

या रॉडच्या टोकावर नंबर ठोकलेला असे. ज्या भट्टीत, ज्या खेपेला तो माल वितळला त्याचा नंबर. रॉड कापायच्या आधी तो नंबर उरणाऱ्या तुकड्यावरही पंचनं, म्हणजे आकडे कोरलेल्या पोलादी खिळ्यानं, ठोकायचा, मगच कापायचं, हा तिथला पहिला धडा. कुणी घाईत नंबराच्या बाजूनं तुकडा काढला आणि राहिलेल्या रॉडवर काहीच ठोकलं नाही, की तो रॉड बेवारस. चांगला असला तरी त्याच्यावर लाल रंग मारून बाजूला टाकायचा, कारण तो नक्की कोण हे सांगता येत नाही. या नियमाला उस्ताद सर्वांत कडक. पण लाल रंग मारता मारता पुटपुटायचेही, नंबर काय तुमच्यासाठी हाय, मला लागत न्हाई.

आणि ते खरंही होतं, निदान तेव्हा. नांदेडचा एक दलाल एकदा शेठना स्वस्तात निकेलचे रॉड द्यायला आला. सोबत कागद, कागदावर शिक्के, सगळं चोख. मी कागद वाचून मान डोलवली. उस्तादांनी रॉडचं टोक ग्राइंडरला जरासं टेकवलं. निकेलच्या मालाची ठिणगी आखूड, तांबूस, आणि चारदोनच. ही ठिणगी लांब गेली. उस्ताद म्हणाले, हे उलथनं-झाऱ्याचं स्टील हाय, यांना चहा पाजा आन् वाटंला लावा. दलाल चहा न पिताच गेला. त्या दिवशी शेठनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती माझ्या अजून लक्षात आहे.

उस्तादांना लग्नानंतर चौदा वर्षांनी मुलगी झाली. सविता. तिला सवी म्हणत. पाच वर्षांची होती, तेव्हा अधूनमधून आईबरोबर डबा घेऊन यायची आणि चकचकीत किसाच्या गुंडाळ्या मागायची. उस्ताद देत नसत, हात कापतो म्हणून. ती दाराशी फतकल मारून बसे. एरवी शेठला न जुमानणारा माणूस तिच्यासाठी लेथ बंद करून दाराशी यायचा, हे आम्ही सगळ्यांनी बघितलेलं.

भूकंपाच्या वर्षी गणपतीला कमलवहिनी लेकीला घेऊन माहेरी गेल्या होत्या, औशाच्या पलीकडे, किल्लारीच्या वाटेवरच्या एका खेड्यात. उस्ताद त्यांना चतुर्दशीच्या दोन दिवस आधी आणणार होते. पण हैदराबादची तातडी लागली. त्यांनी एका माणसाबरोबर निरोप धाडला, काम हातावेगळं झाल्यावर येतो, विसर्जन तिकडंच करा. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ते गाव उरलं नाही.

उस्ताद पोचले तेव्हा दुपार झाली होती. दगडमातीची घरं होती सगळी, भिंती हात हात रुंदीच्या. वहिनी सापडल्या. सवी सापडली नाही. पाऊस लागला होता, प्रेतं ठेवण्यासारखी नव्हती, एकाच चितेवर पाच-सहा जणांना अग्नी द्यावा लागत होता, आणि कोण कुणाचं हे विचारायला कुणी शिल्लक नव्हतं. त्यातच एका माणसानं त्यांना सांगितलं की शेजारच्या घरातून सवीएवढीच एक पोर जिवंत निघाली आणि तिला जीपमध्ये घालून नेलं. कुठे नेलं ते त्याला माहीत नव्हतं. पुढे तो माणूसही कधी भेटला नाही. मला त्याचा अजून राग आहे. त्याला काय दिसलं असेल ते असेल, पण गप्प राहिला असता तर बरं झालं असतं.

लातूरचा सरकारी दवाखाना, सोलापूरचा दवाखाना, उमरग्याच्या छावण्या, नांदेडचं बालगृह. मी दोनदा त्यांच्याबरोबर होतो. अक्षर बरं म्हणून बेपत्ता व्यक्तीचा फॉर्म मीच भरला. त्यात एक रकाना होता, ओळखीची खूण. मी विचारलं. कुठे तीळ आहे का, भाजल्याचा डाग आहे का, मी एकेक विचारत गेलो.

"काय बी न्हाई," ते म्हणाले. "साफ लेकरू व्हतं."

मी त्या रकान्यात 'नाही' लिहिलं.

चौदाव्या दिवशी ते कामावर आले. शेठनी घरी जायला सांगितलं, ते गेले नाहीत. लेथ लावला आणि दिवसभर त्यांनी हत्यार थांबू दिलं नाही. पुढे बारा वर्षं मी त्यांना हसताना पाहिलं नाही. पंगतीत चुंबक काढणं बंद झालं, कारण पंगतीलाच जाणं बंद झालं. त्या गावात मेलेल्यांच्या नावांचा दगड उभारायचा ठरला तेव्हा सवीचं नाव त्यांनी घालू दिलं नाही. सासुरवाडीचे लोक समजावायला आले, त्यांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

याच वर्षांत लातूर बदललं. बोर्डाच्या परीक्षेत लातूरची पोरं वर येऊ लागली आणि पाहता पाहता सगळा मराठवाडा पोरांना घेऊन लातूरला आला. बिलोली, नायगाव, उदगीर, देगलूर, कुठून कुठून. एका खोलीत चार खाटा, गल्लीगल्लीत मेस, सायकलींची झुंबड. पोरगं डॉक्टर किंवा इंजिनियर, तिसरं काही नाही. टर्नरचं काम शिकायला आमच्याकडे कुणी येईनासं झालं. मीही वर्कशॉप सोडलं आणि एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवू लागलो. तिथे माझं बरं चाललं. शेठची इंग्रजी पत्रं लिहायला मात्र अधूनमधून जात असे, सवय म्हणा किंवा ओढ म्हणा.

चौकाचौकात क्लासचे बोर्ड लागले, त्यावर गुणवंत मुलामुलींचे फोटो, खाली नाव आणि मार्क. उस्ताद सायकल उभी करून ते बोर्ड वाचताना मला दोनतीनदा दिसले. मला वाटलं, म्हाताऱ्याला कौतुक असेल. नंतर लक्षात आलं की ते मुलांच्या फोटोंवरून पुढे सरकत आणि मुलींपाशी थांबत. सवी असती तर त्या वर्षी अकरावीला गेली असती.

मग ते आमच्या क्लासच्या गेटासमोर दिसू लागले. संध्याकाळी बॅच सुटायच्या वेळी, पानटपरीच्या बाजूला, कामाच्या कपड्यांवर. चारपाचशे मुली बाहेर पडत. उस्ताद एकेक चेहरा बघत. आवाज ऐकताना हनुवटी छातीला लावायचे तसेच, मान खाली आणि डोळे तेवढे वर. दोन वर्षं हे चाललं. मी मागच्या दाराने जायला लागलो. त्यांच्याशी काय बोलायचं ते मला कळत नव्हतं. शिवाय क्लासात माझी आता थोडी पत होती.

दुसऱ्या वर्षी त्यांची नजर एका मुलीवर ठरली. उदगीरकडची, बारावीची. तिच्या मागे ते तिच्या खोलीपर्यंत चालत गेले, एकदा नाही, चारपाचदा. मुलगी घाबरली, तिनं वडिलांना कळवलं, वडील आले. ते एका शाळेत मास्तर होते, सभ्य गृहस्थ. त्यांनी गेटावर उस्तादांच्या मुस्काटात दिली. मग गेटावरची पोरं धावली. पोरांना हात साफ करायला असा माणूस हवाच असतो.

वॉचमननी त्यांना आत आणलं. ओठ फुटला होता, शर्टाची बाही निघाली होती. क्लासच्या संचालकांनी आम्हा सगळ्या शिक्षकांना बोलावून विचारलं, याला कुणी ओळखतं का? पोलिसांत द्यायचा का? उस्तादांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, एमआयडीसीत कुठेतरी बघितल्यासारखं वाटतंय.

संचालकांनी त्यांना विचारलं, तू सरांना ओळखतोस का?

"न्हाई," उस्ताद म्हणाले. "म्या सरांला वळखत न्हाई."

पुन्हा इकडे फिरकायचं नाही, असा दम भरून त्यांना सोडून दिलं. प्रकरण पोलिसांत गेलं असतं तर आपल्या क्लासचंच नाव खराब झालं असतं, असं संचालक आम्हाला नंतर म्हणाले.

रविवारी सकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो. माफी मागायला गेलो होतो, आणि लाज वाटली की माणूस चिडतो, तसा चिडूनही गेलो होतो. त्यांनी चहा केला. मला बसायला खाट दिली, स्वतः खाली बसले. मी तुमच्याशी वाईट वागलो, असं कसंबसं म्हणालो. त्यांनी ते कानाआड केलं. तुमी वळखलं न्हाई ते बरं केलं, नोकरीवर बला आली असती, एवढंच बोलले. आणि मग त्या मुलीचंच बोलू लागले. तिचं चालणं कमलसारखं आहे. मान वळवायची तऱ्हा तीच आहे.

मी सांगितलं, तिचे आईबाप दोघं आहेत, जन्मदाखला आहे, दहावीचं प्रमाणपत्र मी स्वतः बघितलंय.

"कागदावर काय बी लिवतेत, सर. लेकरू सापडलं, ठिवून घेतलं, नाव लिवलं. कोन इचारतंय?"

"उस्ताद, पाच वर्षांची पोर सतरा वर्षांची झाली तर कशी ओळखणार? चेहरा राहतो का? तुम्ही काय बघून सांगता?"

"बिननंबराचा रॉड म्या काय बघून सांगतो?"

तिथे मी थांबायला हवं होतं. चहा प्यायला, उठलो, असं व्हायला हवं होतं. पण वर्गात पोरांना गप्प करायची सवय लागली होती.

"सांगता खरं," मी म्हणालो. "पण त्यावर नंबर मारून हैदराबादला पाठवता का? लाल रंगच मारता ना? मग तुमचा तरी तुमच्यावर कुठे भरवसा आहे?"

उस्ताद कप उचलून मोरीवर ठेवायला गेले, आणि मी निघालो.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी शेठचा निरोप आला, हैदराबादचं पत्र आलंय, भानगड आहे, वाचून सांगा. वर्कशॉपमध्ये गेलो तर शेठ डोकं धरून बसलेले आणि उस्ताद दाराशी उभे.

झालं होतं ते असं. नव्या कामगारानं घाईत नंबराच्या बाजूनं तुकडा कापून कातूनही टाकला होता आणि राहिलेला लांबलचक रॉड बेवारस झाला होता. डिलिव्हरी अडलेली. उस्तादांनी तो रॉड ग्राइंडरला लावला. ठिणगी आखूड, तांबूस, मोजकी. लेथवर चढवून एक हलका काप घेतला, आवाज ऐकला, कीस बोटांत चुरडून बघितला. आणि लाल रंगाचा डबा उघडायच्या ऐवजी त्यांनी पंच घेऊन त्याच कामाच्या आधीच्या रॉडचा नंबर त्यावर ठोकला. सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा. शेठनी विचारलंही, नक्की ना? उस्ताद म्हणाले, माझ्या लेकीची शपथ.

त्या रॉडमधून निघालेले बोल्ट हैदराबादला भट्टीत गेले. बाहेर काढून तपासले तर बाकीच्या मालाची ताकद चढलेली आणि यांची जिथल्या तिथे. मग त्यांनी प्रयोगशाळेत कस काढला. निकेल-क्रोमियमचाच माल, पण जात दुसरी. त्याच घराण्यातला, मवाळ भाऊ. तोही गंजत नाही, त्यालाही चुंबक लागत नाही, त्याचीही ठिणगी आखूड आणि तांबूस. पण भट्टीनं त्याच्यात ताकद भरत नाही. आधीच्या एका कामाचा उरलेला तो रॉड मांडणीवर या कामाच्या रॉडशेजारी पडून होता, आणि नव्या कामगारानं घाईत तोच उचलला होता. दोघांतला फरक डोळ्यांना, कानांना, हातांना कळणं अवघड. तो भट्टीनंतर कळतो, किंवा कस काढल्यावर.

मी पत्र वाचत गेलो आणि मराठीत सांगत गेलो. मला वाटलं असतं तर मधली दोन वाक्यं गाळता आली असती, भट्टीच्या आचेत काही चूक झाली असेल असं म्हणता आलं असतं. उस्तादांना इंग्रजी येत नव्हतं. पण शिक्षक ना मी. सगळं नीट समजावून सांगितलं.

"म्हंजी त्यो न्हवता," उस्ताद म्हणाले.

"नव्हता."

"मला तर त्योच वाटला, सर. शंभर टक्के त्योच."

शेठ म्हणाले, जाऊ द्या उस्ताद, चूक होते माणसाकडून, इतक्या वर्षांत पहिली. शेठ वाईट माणूस नव्हता. पण उस्ताद त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

"तुमी म्हनले व्हते, भरवसा न्हाई. म्हून केलं," ते म्हणाले. आणि मग, अगदी हळू, "मंग गेटावर म्या काय बघून राहिलो व्हतो, सर?"

मी पत्राची घडी घालून शेठसमोर ठेवली. मी त्यांना खोट्या आशेतून सोडवलं, असं माझी बायको म्हणते. ती मला धीर द्यायला म्हणते, हे मला कळतं. आशा खोटी होती हे खरंच आहे. पण तो माणूस बारा वर्षं तिच्यावर उभा होता आणि ती काढून घेतल्यावर त्याच्या पायाखाली ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं.

त्या आठवड्यात उस्तादांनी काम सोडलं. शेठनी थांबायचा आग्रह केला. उस्ताद म्हणाले, आता हातात रॉड घेतला की भेव वाटतंय. औशाकडच्या त्या गावी जाऊन त्यांनी दगडावर सवीचं नाव घालायला सांगितलं, हे मला नंतर कळलं. दगडावर आता जागा नव्हती, म्हणून बाजूला वेगळी फरशी लावून त्यावर एकटीचंच नाव कोरावं लागलं. मग ते नांदेडला पुतण्याकडे राहायला गेले.

लातूर सोडायच्या आदल्या दिवशी ते आपणहून मला भेटायला क्लासवर आले होते, असं वॉचमननं सांगितलं. मी वर्गात होतो. वॉचमननं त्यांना ओळखलं आणि आत सोडलं नाही.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. आमच्या क्लासची नांदेडला शाखा निघाली होती आणि मी आठवड्यातून दोन दिवस तिकडे शिकवायला जात असे. नांदेडलाही तोवर तेच झालं होतं, तेच बोर्ड, त्याच सायकली, तीच मेसच्या डब्यांची रांग. संध्याकाळची बॅच सुटली. मी समोरच्या बाजूला चहा घेत उभा होतो. मुलींचा लोंढा रस्त्यावर आला आणि त्याच्या कडेकडेनं, हातात भाजीची पिशवी घेऊन, एक म्हातारा चालत येत होता. पाठ वाकली होती. ओळखायला मला जरा वेळ लागला.

हाक मारावी म्हणून मी कप खाली ठेवला. तेवढ्यात एका मुलीच्या सायकलची चेन उतरली. ती त्यांच्यासमोरच थांबली आणि म्हणाली, काका, एवढी चेन बसवून देता का? सतरा-अठरा वर्षांची असेल, पाठीवर दप्तर, दोन वेण्या.

उस्तादांनी पिशवी भिंतीला टेकवून ठेवली, खाली बसले. चेन दातांवर चढवली, पायडल हातानं फिरवून बघितलं, कान देऊन आवाज ऐकला. चेन सैल आहे का, तेही बोटानं दाबून बघितलं. काळे झालेले हात रस्त्याच्या मातीला पुसले. मुलगी वरून काहीतरी बोलत होती, बहुधा कुठल्या गावची, कुठे राहते वगैरे, पोरी बोलतात तसं. ते नुसती मान हलवत होते. ती थँक्यू काका म्हणाली आणि घंटी वाजवत निघून गेली.

उस्ताद तसेच उकिडवे बसून राहिले, ती गर्दीत मिसळेपर्यंत. मग पिशवी उचलून चालू लागले. एवढा वेळ ती पोर त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती, आणि त्यांनी तिच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही.